अस्सल, नक्कल आणि प्रकल्पवही

गेल्या वर्षी श्रावण संपत असताना नगरमधल्या एका रद्दीच्या दुकानात मला एक वही सापडली. तपकिरी कागदाचे कव्हर, वर शाईने लिहिलेले 'पर्यावरण शिक्षण प्रकल्प, इयत्ता ११ वी', आणि आत विषय : सीना नदीकाठच्या विहिरींची पाणीपातळी. चार विहिरींची खोली फुटांत दिली होती आणि जानेवारी व एप्रिल महिन्यांतली पातळी वेगवेगळ्या रकान्यांत होती. अक्षर वळणदार, पोरसवदा. नगर शहर आणि सीनाकाठची गावे यांच्या पाण्याचा इतिहास हा गेली तीस वर्षे माझा विषय आहे. असा कागद दिसला की माझ्यासारख्याची तहानभूक हरपते. मी ती वही दहा रुपयांना घेतली, घरी आणली, आणि चारही विहिरींचे आकडे माझ्या टिपणवहीत उतरवून घेतले.

दोन दिवसांनी वही पुन्हा वाचायला घेतली तेव्हा काहीतरी खटकले. 'निरीक्षण' हा शब्द प्रत्येक ठिकाणी 'निरिक्षण' असा, ऱ्हस्व लिहिलेला होता. मग विहिरींची खोली पाहिली : ४७, ३८, ७४ आणि ८३ फूट. माझ्या जुन्या स्कूटरचा नंबर ४७३८ होता. तोच सुलट आणि उलट करून मी हे चार आकडे तयार केले होते. साल २००६. त्या विहिरी कुठेच नव्हत्या. वहीतले अक्षर कुणा अनोळखी विद्यार्थ्याचे होते, पण मजकूर माझा होता, आकडे माझे होते आणि शुद्धलेखनाची चूकही माझीच होती.

हे कसे घडले ते सांगायला हवे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर माझे कॉलेज सुटले. टंकलेखनाच्या वर्गाने पोट दिले, आणि मोडी मी पंचविशीत एका निवृत्त कारकुनाच्या ओट्यावर बसून शिकलो. १९९८ पासून एकवीस वर्षे माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे दुकान होते. दिवाळीची सुट्टी संपली की अकरावी-बारावीची मुले एकच प्रश्न घेऊन येत : "काका, पर्यावरणाचा प्रकल्प आहे का?" माझ्याकडे असे. घनकचरा, जलप्रदूषण, वृक्षतोड, विहिरींची पातळी. श्रीलिपीत टाइप केलेली बारा पाने, चाळीस रुपये. मुले ती घरी नेऊन हाताने उतरवून काढीत, कारण वही हस्ताक्षरात हवी असे. दिवसा मी ही पाने विकत होतो आणि रात्री जुने कागद अस्सल की बनावट याची पारख करीत होतो. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्या वहीने मला दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

म्हणून हा लेख. महाविद्यालयात जाण्याआधी विद्यार्थ्याने स्वतः काही शोधून काढावे, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली, आणि ती माझ्या दुकानाच्या काउंटरपर्यंत कशी पोचली, याचा हा शोध आहे.

दार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या जुलै महिन्यात झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठांप्रमाणे तेही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. याचा अर्थ असा, की सुरुवातीला विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे, परीक्षा घेण्याचे विद्यापीठाचे. १८५९ मध्ये पहिली प्रवेश परीक्षा झाली. तिलाच पुढे घरोघरी 'मॅट्रिक' म्हणू लागले. त्या पहिल्या परीक्षेत उतरलेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

ही परीक्षा म्हणजे महाविद्यालयाचे दार. दार एकच असले की रस्तेही त्याच्याच दिशेने जाऊ लागतात. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी शाळा पाहता पाहता मॅट्रिकच्या शाळा झाल्या. त्या परीक्षेत जे विचारले जाई ते शिकवायचे, आणि जे विचारले जात नाही ते वेळ उरला तर. मॅट्रिक झालेल्या मुलाला कचेरीत नोकरी मिळे, म्हणून महाविद्यालयात न जाणाऱ्यालाही तेच दार हवे असे.

याची अडचण लवकरच ध्यानात आली. १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवले, की माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाच्या व्यवहाराकडे नेणारी. दुसरी वाट कागदावर राहिली, पहिलीवर गर्दी झाली.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले. प्राथमिक शिक्षणाकडे झालेले दुर्लक्ष हा त्याचा मुख्य मुद्दा सर्वांना माहीत आहे. पण त्यात आणखी एक मागणी आहे, जिच्याकडे माझ्यासारख्याचे लक्ष जाणे साहजिक आहे. खासगी रीतीने अभ्यास करून प्रवेश परीक्षेला बसता येते, तसेच बी.ए., एम.ए. या पदव्यांच्या परीक्षांनाही बसू द्यावे, म्हणजे शिक्षणाचा प्रसार वाढेल, असे फुले म्हणतात. ज्ञान कुठे मिळवले यापेक्षा ते मिळवले की नाही, याला महत्त्व द्या, असे मला त्यात ऐकू येते. फुल्यांच्या या विचाराचे एक टोक आमच्या शहरात आहे. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी अहमदनगरमध्ये चालवलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती, आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा काही भाग फरारबाईंकडे झाला. पदवीचा प्रश्न तिथे नव्हताच. शिकण्याचा आणि शिकवण्याचा होता.

दाराबाहेरचे लोक

मॅट्रिकच्या त्या काळात शाळेत संशोधन नावाचा विषय नव्हता. तरीही महाराष्ट्रात संशोधन उभे राहिले, आणि तेही विद्यापीठाच्या बाहेर. वासुदेव वामन खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. शाळा सुटल्यावर ते पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचत, आणि त्यातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेचे खंड निघाले. वि. का. राजवाडे यांच्याकडे पदवी होती, पण पदवीने त्यांना कुठली खुर्ची दिली नाही. वाईला मिळालेल्या कागदांवरून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड सिद्ध केला. तो १८९८ मध्ये आला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तिथे निबंध वाचायला पदवीचा दाखला लागत नसे. कागद लागे, आणि तो कुठे मिळाला हे सांगावे लागे.

राजवाड्यांच्या पिढीने आम्हाला एक शिस्त लावून दिली. कागद तीन प्रकारचा. अस्सल म्हणजे ज्याचा त्याने लिहिलेला. नक्कल म्हणजे अस्सलावरून उतरवलेली. तीही प्रामाणिक असेल तर कामाची. आणि बनावट, म्हणजे जे घडले नाही ते घडले असे सांगणारा. नकलेत चुका सापडतात, पण तिच्यामागे कुठेतरी अस्सल असते. बनावटीच्या मागे काहीच नसते. माझ्या दुकानातून जी पाने गेली, त्यांची मुले नक्कल करीत होती असे मी मनाशी म्हणे. पण ती नक्कल कशाची होती? अस्सल तर कधी नव्हतेच.

दोन वर्षांची ओसरी

विसाव्या शतकात प्रश्न असा पुढे आला, की शाळा कुठे संपते आणि महाविद्यालय कुठे सुरू होते. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, म्हणजे सॅडलर आयोगाने, स्पष्ट सांगितले की विद्यापीठाची खरी सीमा मॅट्रिकवर नाही, इंटरमीजिएटवर आहे. मॅट्रिक होऊन आलेला सोळा वर्षांचा मुलगा विद्यापीठाच्या पद्धतीने शिकायला तयार नसतो; मधली दोन वर्षे वेगळ्या संस्थांत, वेगळ्या रीतीने जायला हवीत. म्हणजे घर आणि अंगण यांच्या मध्ये जशी ओसरी असते, तशी ही दोन वर्षे.

नगरला तेव्हा घरही नव्हते. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले, तोवर जिल्ह्यातला मुलगा मॅट्रिक झाला की पुढच्या शिक्षणासाठी पुण्याची वाट धरी. ज्याला ते परवडत नसे तो इथेच थांबे. पुढच्या दोन वर्षांत मॅट्रिकही बदलली. ती विद्यापीठाच्या हातून गेली आणि तिच्या जागी शालान्त प्रमाणपत्र परीक्षा, म्हणजे एस.एस.सी. आली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने उच्च माध्यमिक शाळांचा पुरस्कार केला, आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आराखडा दिला.

महाराष्ट्राने तो स्वीकारला. १९७५ मध्ये दहावीची पहिली एस.एस.सी. झाली, त्याच जूनपासून अकरावीचे वर्ग भरले, आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. त्याला आपण 'ज्युनिअर कॉलेज' म्हणू लागलो. हे नावच पुरेसे बोलके आहे. कोठारी आयोगाच्या मनात ही दोन वर्षे निम्म्या मुलांना व्यवसायाकडे नेणारी होती, आणि उरलेल्यांना खोलवर अभ्यासाची सवय लावणारी. प्रत्यक्षात १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, बारावीच्या गुणांची किंमत एकदम वाढली आणि ओसरी परीक्षेच्या रांगेने भरून गेली. पुढे सीईटी आणि नीट आल्या. रांग तीच राहिली, फक्त दार बदलले. महाविद्यालयाची तयारी म्हणजे महाविद्यालयातल्या अभ्यासाची तयारी, हा अर्थ मागे पडला. प्रवेश मिळवण्याची तयारी, एवढाच अर्थ उरला.

ज्यांना वाचणारा मिळाला

मुख्य रस्त्यावर हे चालले असताना आडवाटेने काही वेगळे प्रयोग होत होते. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. विद्यार्थ्यांनी स्वतः विषय घेऊन प्रकल्प करायचा, ही तिथली रीत होती. १९८१ मध्ये मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढच्या टप्प्यावर मुलाला कृतिसंशोधनाचा प्रकल्प करावा लागतो.

१९९३ पासून देशभर राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. तिचा नियम मला फार आवडतो. दहा ते सतरा वयाच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, एका मार्गदर्शकाच्या मदतीने तो तपासायचा, रोजची नोंदवही ठेवायची, आणि जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्यांवर तो लोकांसमोर मांडायचा. मांडताना प्रश्न विचारले जातात. वही दुसऱ्याची असेल तर दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते.

परदेशातल्या ज्या अभ्यासक्रमांची आज शहरातल्या पालकांत चर्चा असते, त्यांचा गाभाही याहून वेगळा नाही. १९६८ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविकेत विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रश्नावर जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा निबंध लिहावा लागतो. मुळशीजवळ १९९७ पासून चालणाऱ्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजातली मुले तो लिहितात. अमेरिकेत २०१४ पासून अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या योजनेत दोन वर्षांचा संशोधनाचा अभ्यासक्रम आला. पहिल्या वर्षी वाद समजून घ्यायचा, पुरावा तोलायचा; दुसऱ्या वर्षी स्वतःचा शोधनिबंध लिहायचा आणि परीक्षकांपुढे तोंडी त्याचे समर्थन करायचे.

मी या सगळ्यांचे नियम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. शब्दमर्यादा वेगळी, फी वेगळी, मुलांची घरे वेगळी. सारखी गोष्ट एकच निघाली. प्रत्येक ठिकाणी मुलाच्या समोर एक माणूस बसलेला आहे, जो वही वाचतो आणि विचारतो, "हे तुला कसे कळले?"

पन्नास गुण

आता त्या तपकिरी कव्हराच्या वहीकडे येतो. पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये दिला. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले. त्यानंतर आपल्याकडे अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण सक्तीचे झाले. अनेक वर्षे बारावीच्या एकूण ६५० गुणांपैकी ५० गुण या विषयाचे होते, आणि त्यात प्रकल्प होता.

हेतूत काहीही खोट नव्हती. उलट, महाराष्ट्राच्या इतिहासात पहिल्यांदाच कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांच्या, खेड्यातल्या आणि शहरातल्या, प्रत्येक सतरा वर्षांच्या मुलाला सांगितले गेले की बाहेर जा, पाहा, मोज आणि लिही. आडवाटेने जे थोड्यांना मिळत होते, ते सर्वांना देऊ केले होते. जे लोक या प्रकल्पाची टिंगल करतात त्यांनी एवढे मान्य करावे.

पण वही देताना वाचणारा दिला नाही. एका शिक्षकाकडे दोन-तीन तुकड्यांच्या वह्या. त्याचा मूळ विषय वेगळा, त्याच्या डोक्यावर बोर्डाच्या परीक्षेचे ओझे. तो वजनावर गुण देणार नाही तर काय करणार? मुलांना हे पहिल्या वर्षीच कळले. आणि मुलांना कळले ते माझ्यासारख्या दुकानदाराला त्याच्याही आधी कळले. मी प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष असा साचा बनवला. निरीक्षणे सर्वांत सोपी, कारण ती कुणी पाहायला जाणार नव्हते. १८५९ च्या परीक्षेने जे शाळेचे केले, तेच ५० गुणांनी प्रकल्पाचे केले : गुण मिळवायला जेवढे लागते तेवढेच उरले. त्या साच्यात मी माझ्या स्कूटरचा नंबर भरला.

मी स्वतःला समजावीत असे की यात कुणाचे काय बिघडते. वह्या रद्दीत जातात. बिघडते ते असे, की सतरा वर्षांच्या वयात, महाविद्यालयाच्या उंबऱ्यावर, मुलाला संशोधनाचा पहिला धडा मिळतो तो हा : निरीक्षण म्हणजे कल्पनेने भरायचा रकाना. पुढे त्याने शोधप्रबंध लिहिला तरी हा धडा पुसला जाईल, याची खात्री काय? आणि दुसरे असे, की रद्दीत गेलेले सगळेच रद्दीत राहत नाही. माझ्याच हातात ते परत आले, आणि मी, अस्सल-बनावटाची पारख करणारा, दोन दिवस फसलो.

दोरी

२०१२ चा पाऊस नगर जिल्ह्याला दगा देऊन गेला. त्या दिवाळीनंतर नगर तालुक्यातल्या एका गावची अकरावीतली मुलगी दुकानात आली. मी सवयीने फायलीला हात घातला.

ती म्हणाली, "काका, तयार प्रकल्प नकोय मला. मी मोजलंय. फक्त टाइप करून द्या. सर म्हणाले, टाइप केलेला चालेल."

तिच्याकडे वडिलांच्या दुकानातली जमाखर्चाची लांबट वही होती. गावातल्या सात विहिरी. दर रविवारी सकाळी ती दोरीला दगड बांधून विहिरीत सोडी. दोरीला हातभर अंतराने गाठी मारलेल्या होत्या. दगड पाण्याला टेकेपर्यंत किती गाठी खाली गेल्या, ते लिहून ठेवी. तीन रविवार झाले होते. मी म्हटले, "पोरी, तीन रविवारांवरून काय कळणार? होळीपर्यंत मोज, मग ये." मला वाटले, येणार नाही.

ती होळीनंतर आली. सतरा रविवार झाले होते. एका रविवारच्या रकान्यात फक्त 'मावशीचं लग्न' असे लिहिले होते, आकडा नव्हता. एका विहिरीच्या आकड्यांवर काट मारून खाली लिहिले होते : 'इथून पुढे दोरी नवी, जुनी तुटली, गाठी थोड्या लांब पडल्या.' मी माझ्या जन्मात इतका अस्सल कागद थोडाच पाहिला होता. जिथे मोजले नाही तिथे मोजले नाही असे लिहिणे, आणि माप बदलले तर बदलले असे सांगणे, हेच तर खऱ्या नोंदीचे लक्षण आहे. राजवाड्यांनी कागदात जे शोधले तेच.

तिला एक गोष्ट सापडली होती. नदीच्या सर्वांत जवळची विहीर आधी आटली, आणि गावाच्या वरच्या अंगाला, जुन्या बांधाखाली असलेली विहीर शेवटपर्यंत टिकली. तिने निष्कर्षात लिहिले होते : 'बांधामुळे असेल. नक्की सांगता येत नाही. पुढच्या वर्षी पाऊस पडल्यावर पुन्हा मोजले पाहिजे.' मी तिची अकरा पाने टाइप केली आणि पैसे घेतले नाहीत. नंतर कळले की तिला वर्गातल्या इतरांइतकेच गुण मिळाले. ज्यांनी माझ्याकडून चाळीस रुपयांची पाने नेली होती, त्यांच्याइतकेच.

तिच्या आकड्यांचे मोल मला नंतर नीट समजले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. सगळ्या राज्याचे चित्र त्यातून मिळते. पण एका गावातल्या सात विहिरी एका दुष्काळी हिवाळ्यात आठवड्या-आठवड्याला कशा उतरत गेल्या, ही नोंद सतरा वर्षांच्या मुलीच्या वहीशिवाय मला कुठे मिळाली असती? आमच्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने हेच शहाणपण गावाच्या कारभारात आणले आहे. तिथे पडलेला पाऊस मोजतात, विहिरींतले पाणी पाहतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि त्यावर कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभा ठरवते. आकडा खरा असेल तरच त्याच्यावर गाव विसंबू शकते. माझ्या ४७ आणि ३८ फुटांवर कुणी पीक ठरवले असते तर?

मी लगेच सुधारलो असे म्हणणे खोटे ठरेल. तयार प्रकल्प त्यानंतरही विकले. दुकानाचे भाडे त्यातून निघत होते. २०१९ मध्ये दुकान बंद केले, तेही मुलाने फोनवर सगळे मिळते म्हटल्यावर. आज तीच पाने, काही ठिकाणी माझ्याच चुकांसह, मुलांच्या मोबाइलवर फिरतात. आता तर यंत्राला विचारले की ते क्षणात नवी विहीर खणून देते. बनावट करणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चौकशीतून, शोधातून शिकण्यावर भर आहे. उद्या कदाचित अकरावी-बारावीला संशोधनाचा आणखी एक विषय येईल. त्याचेही गुण ठरतील, आणि गुण ठरले की त्याची तयार पानेही निघतील.

दीडशे वर्षांच्या या कागदांतून मला जे दिसते ते असे. विषय सक्तीचा केल्याने संशोधन येत नाही आणि परीक्षेने ते टिकत नाही. खरे काम झाले ते बहुधा तिथे, जिथे कुणीतरी कागद हातात घेऊन "हा कुठे मिळाला?" असे विचारले. इतिहास संशोधक मंडळात ते विचारले गेले, बालविज्ञान परिषदेत विचारले जाते. ज्युनिअर कॉलेजच्या लाखो मुलांना ते विचारणारे कुणी नाही. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात तज्ज्ञ हवा असेही नाही. निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी-ग्रामसेवक म्हणून काम केलेले आहेत, जुन्या दप्तरांत आयुष्य घालवलेले माझ्यासारखे आहेत. एका माणसाने वर्षाला पाच वह्या नीट वाचल्या, पाच मुलांसमोर बसून पाच प्रश्न विचारले, तरी त्या पाच वह्या अस्सल होतील. चूक असतील, अपुऱ्या असतील, पण अस्सल असतील.

मी गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू केले आहे. रविवारी संध्याकाळी घराच्या ओट्यावर तीन मुले येतात. एक जण आजीकडून ऐकलेल्या १९७२ च्या दुष्काळातल्या कामांची यादी करतो आहे आणि प्रत्येक काम गावात कुठे आहे ते जाऊन पाहतो आहे. दुसरी बाजारतळावरच्या कांद्याच्या गोण्या मोजते. तिसऱ्याला अजून प्रश्न सापडलेला नाही, आणि त्याला मी घाई करीत नाही.

टिपणवहीत उतरवलेल्या त्या चार विहिरींवर मी काट मारली आहे. पान फाडले नाही. समासात लिहून ठेवले आहे : 'बनावट. कर्ता मी.' शेजारच्या पानावर त्या मुलीच्या सात विहिरी आहेत. मूळ वहीची झेरॉक्स मी तेव्हा तिच्या परवानगीने ठेवून घेतली होती. तिथे मावशीच्या लग्नाचा रविवार मी तसाच मोकळा ठेवला आहे.